समुद्रावर कळवत नाहीत

हेल्लुवीक, फेरो बेटे
१४ जानेवारी

प्रिय ब्रांदुर,

तुझा पत्ता शेजारी मालेनाला आलेल्या तुझ्या नाताळच्या कार्डावरून घेतला. तिला विचारून घेतला, चोरून नाही. "कार्ड माझं आहे," ती म्हणाली. "वाचायला देते, ठेवायला नाही." मग तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्या डोळ्यांसमोर पत्ता उतरवला आणि कार्ड परत केलं. तिकडे डेन्मार्कात एस्बियर्गची खोली उबदार आहे आणि जहाजावरचं जेवण बरं असतं, असं तू लिहिलं आहेस. मला तेवढं पुरलं.

उत्तर मागायला हे पत्र लिहीत नाही. एक गोष्ट ठरवायची आहे. घरात बोलायला कुणी नाही आणि मालेनाशी बोलले तर ती आधी स्वतःचा जखमेचा पाय पुढे करते.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे तिनं कळवलं असेलच. मासळीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सुरी चालवलेली बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकायला जाते याचं गावाला अजून हसू येतं. वर्गातल्या मुली बाविशीच्या. पहिल्या वर्षी मला 'अहो' म्हणायच्या, आता 'मावशी' म्हणतात आणि माझ्या डब्यातलं वाळवलेलं मांस पळवतात. पुस्तकं सगळी डॅनिशमध्ये. पंधराव्या वर्षी शाळा सुटली तरी वाचनालयाच्या गाडीतून मिळेल ते वाचत आले, त्याचा आता उपयोग होतो. शब्दकोश शेजारी ठेवून बसते. हृदयाच्या प्रकरणाला तीन आठवडे लागले.

वसंतात बारा आठवड्यांची इंटर्नशिप करायची असते. कुठे करायची ते आपण निवडायचं. एक जागा शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात आहे. बसनं पंधरा मिनिटं, संध्याकाळी घरी, आणि मालेनाच्या पायाची पट्टीही रोज बदलता येईल. दुसरी जागा तोर्सहावनच्या मोठ्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागात. तिथे दिवस-रात्र पाळ्या, राहायला वसतिगृहात खोली आणि दुसऱ्या आठवड्यात परीक्षा. मागच्या वर्षी पाचजणी गेल्या, दोघी सोडून आल्या. आमच्या वर्गातून तीन नावं काढली आहेत, त्यात माझं आहे. आमच्या शिक्षिका तुरिद यांनी कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "एक मार्चच्या आत सही करून आणा. नको असेल तर नको म्हणून आणा."

मी नको म्हणणार आहे. पाठ दुखते. मेंढरं वसंतात वितात, ती कुणावर सोडू? आणि मालेना एकटी. कारणं पुरेशी आहेत ना?

आई


२९ जानेवारी

प्रिय ब्रांदुर,

मागच्या पत्रात कारणं दिली ती खोटी नाहीत. पण मेंढरांचं मी तुझ्या काकांशी बोलले, तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं तूच आमची सांभाळलीस, एखादा वसंत आम्ही सांभाळू की तुझी." म्हणजे ते कारण गेलं. पाठीचं म्हटलं तर कारखान्यात ती यापेक्षा जास्त दुखायची.

काल तुरिदबाईंनी आम्हा तिघींना विभाग दाखवायला नेलं. एक दिवस नुसतं बघायचं. मी त्या मुलींच्या मागून चालत होते. तिथला लांब बोळ, टोकाला खिडकी, खिडकीतून बंदर. डावीकडची तिसरी खोली. तिथे आता दुसरं कुणीतरी होतं, एक म्हातारे गृहस्थ. त्यांच्या पायाशी त्यांच्या दोन मुली बसल्या होत्या आणि कसल्याशा गोष्टीवरून हळू आवाजात भांडत होत्या. वडील डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, किती बरं आहे यांचं.

बिर्ता सिस्टर अजून तिथेच आहेत. तुला त्या माहीत नाहीत. बाबांच्या वेळी त्याच होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण मुलींसमोर काही दाखवलं नाही. नंतर चहाच्या खोलीत मला एकटीला म्हणाल्या, "इथे विद्यार्थिनींनाही फोन करावा लागतो, नातेवाइकांना. डॉक्टर शेजारी असतात, पण बोलायचं आपण. ते जमेल का तुम्हाला?"

मी कप धुवायला घेतला.

परतीच्या बोटीत तुरिदबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "सुन्नेवा, तुमचा चेहरा बघितला मी. तुम्ही घाबरून नको म्हणणार की विचार करून? घाबरून म्हणालात तरी माझी हरकत नाही. फक्त मला नीट सांगा, म्हणजे मी तुमच्या मागे लागणार नाही."

मी सांगितलं, विचार चालू आहे. तेही खरं नव्हतं. विचार मी तीन वर्षं टाळते आहे.

आई


१० फेब्रुवारी

ब्रांदुर,

हे पत्र मी दोनदा लिहून चुलीत टाकलं.

तुला जे माहीत आहे ते आधी लिहिते. बाबा बंदराच्या धक्क्यावर झटका येऊन पडले तेव्हा तुझं ट्रॉलर बारेंट्स समुद्रात होतं. पाचव्या दिवशी तू जहाजावरून घरी फोन केलास. मी कपडे न्यायला म्हणून दोन तास घरी आले होते. तू विचारलंस, बाबा कुठे आहेत. मी म्हटलं, मेंढरांकडे गेलेत. तू म्हणालास, "या धुक्यात?" मी म्हटलं, "तुला माहीत आहे ना त्यांचं." आणि तू हसलास.

ते गेल्यावर नऊ दिवसांनी तुझं जहाज लागलं. धक्क्यावर काळ्या कोटात धर्मगुरू उभे होते. ते दिसले की कुणाच्या तरी घरचं माणूस गेलं, हे तुम्हा सगळ्यांना कळतं. तू नंतर काकांना सांगितलंस, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते आणि तूही 'कोण बिचारा?' म्हणून दुसऱ्यांकडे बघत होतास. काकांनी ते मला सांगितलं. त्यांनी सांगायला नको होतं, पण सांगितलं.

समुद्रावरच्या माणसाला वाईट बातमी कळवत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही, आपल्याकडे कुणालाच शिकवावं लागत नाही. बातमी कळलेल्या माणसाचं लक्ष उडतं, दोरात पाय अडकतो, लाट येते ती दिसत नाही. घरात एक गेलेला असतो, दुसरा जायला नको. मालेना तेव्हा मला म्हणाली, "पोराला कळवू नकोस, बंदरात आला की सांग." ती म्हणाली हे खरं, पण फोन मी उचलला होता. दोष तिच्याकडे सरकवायला हे लिहीत नाही.

तू त्या एका खोट्यापायी घर सोडलंस. पण ते एकच नव्हतं.

बाबा अकरा दिवस जगले. गावानं तुला सांगितलं असेल की ते शुद्धीवर आलेच नाहीत. मीच तसं सांगत आले. ते आले होते. सातव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि आठव्या दिवशी बोलले. तोंडाची एक बाजू वाकडी झाली होती, शब्द तुटक येत होते, पण कळत होते. त्यांनी विचारलं, "ब्रांदुर?" मी म्हटलं, "निघालाय." "कधी?" "बोट मिळाली की येईल." त्यानंतर ते दाराकडे तोंड करून पडून राहिले. बिर्ता सिस्टर त्यांना कुशीवर वळवायच्या, ते परत दाराकडे वळायचे. एक बाजू चालत नसताना. दोन दिवस.

बिर्ता सिस्टरनी आठव्या दिवशीच मला बाहेर बोलावून विचारलं होतं, "मुलाला कळवायचं का? जहाज नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दीड दिवसावर आहे, मी चौकशी केली आहे." त्यांनी फोन उचलला. मी त्यावर हात ठेवला.

तू पोचला असतास. दहाव्या दिवशी पोचला असतास. हे मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणून मला त्या विभागात जायचं नाही. पाठ, मेंढरं, मालेना, सगळं बाजूला ठेव. जिथे फोनवर हात ठेवला तिथेच उभं राहून दुसऱ्यांच्या मुलांना फोन करायचे, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

सुन्नेवा


२७ फेब्रुवारी

प्रिय ब्रांदुर,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं असावं. वाचलंस की नाही, ते विचारत नाही.

काल मालेनाच्या पायाची पट्टी बदलत होते. जखम आता नाण्याएवढी उरली आहे. मी तिला सांगितलं की उद्या कागद द्यायचा आहे आणि मी वृद्धाश्रमावर खूण करणार आहे. ती खूश होईल असं वाटलं होतं. महिनाभर तिचं एकच चाललं होतं, "म्हातारीला वाऱ्यावर सोडून शहरात सुया टोचायला चाललीस." तर ती म्हणाली, "का?"

मी तिला सगळं सांगितलं, तुला लिहिलं ते. बाबांचं दाराकडे वळणंसुद्धा. ते तिलाही माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "हाकुन का गेला, माहीत आहे तुला?"

मी म्हटलं, लाटेनं नेला. तिचा नवरा आइसलंडच्या बाजूला बुडाला हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

"आमची मुलगी सहा आठवड्यांची होऊन गेली," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते, त्याला कळवू नको. मी ऐकलं नाही. मला एकटीला ते सोसत नव्हतं. मी तारघरात गेले आणि रेडिओवरून निरोप पाठवायला लावला. तिसऱ्या दिवशी तो गेला. कुणी म्हणतं लाट आली, कुणी म्हणतं त्यानं धरलंच नाही. तेव्हापासून या गावात कळवत नाहीत, सुन्नेवा. आधी कळवायचे. तो रिवाज नाही, ती मी आहे."

ब्रांदुर, जन्मापासून मी या बाईच्या शेजारी राहिले. मी कारखान्यात असायचे तेव्हा तू तिच्या स्वयंपाकघरात वाढलास. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि तुझ्या वेळी ती मला "कळवू नकोस" म्हणाली, ते असं.

पट्टी बांधून पूर्ण केली. ती म्हणाली, "घट्ट बांधलीस, बये, पाय तोडायचाय का?" मी परत सैल बांधली.

दाराशी निघताना म्हणाली, "मी कळवलं आणि माणूस गेला. तू कळवलं नाहीस आणि पोरगा गेला. आता यातलं बरोबर कोणतं, ते मला विचारू नकोस. पण तू त्या आश्रमातून येऊन रोज माझं तोंड बघत बसणार असशील, तर मला नको आहेस तू इथे."

आज सकाळी कागदावर सही केली. रुग्णालयाच्या रकान्यात. हिंमत आली म्हणून नाही. घरी बसून मला बरं वाटणार नाही, एवढंच कळलं म्हणून.

आई


तोर्सहावन, नर्सिंग वसतिगृह
१९ एप्रिल

प्रिय ब्रांदुर,

पाच आठवडे झाले. परीक्षा पास झाले, काठावर. औषधाचे थेंब मोजायच्या हिशेबात चुकले होते, तोंडी परीक्षेत भरून काढलं.

पाय संध्याकाळी मेणाचे होतात. तरी एवढं शिकले की सारखी कामात असते तोवर मी बरी असते. नळ्या, सलाईन, कुशीवर वळवणं, तोंड पुसणं. डावीकडच्या तिसऱ्या खोलीत पहिल्या आठवड्यात पाऊल टाकलं तेव्हा बिर्ता सिस्टर दारात उभ्या राहिल्या होत्या. मी चादर बदलून बाहेर आले तेव्हा म्हणाल्या, "उशीचा अभ्रा उलटा घातलात."

फोनचं सांगते. पहिला फोन मी बिघडवला. एका बाईचे यजमान अत्यवस्थ होते आणि मला त्यांच्या मुलीला कळवायचं होतं. तोंडातून निघालं, "काळजी करण्यासारखं काही नाही, पण जमलं तर या." डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या मुलीला खरं सांगितलं. नंतर त्यांनी मला रागावलं नाही, तेच वाईट वाटलं.

बिर्ता सिस्टरनी मला बसवून शिकवलं. आधी नाव सांगायचं. मग काय झालं. मग किती वेळ आहे असं डॉक्टरांना वाटतं. मग थांबायचं. "थांबणंच अवघड आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्यांच्या वतीनं सोसायचं असतं, म्हणून तुम्ही मध्ये बोलता. ते त्यांचं आहे. त्यांचं त्यांना राहू द्या."

आता अकरा फोन झाले. एक मुलगी आली, बापाचा चेहरा बघितला आणि माझ्यावरच ओरडली, की कशाला बोलावलंत, मला ते आधीसारखेच आठवायला हवे होते. ती माझ्या अंगावर ओरडत असताना मी उभी होते आणि माझ्या मनात तू होतास. तूही कदाचित असाच ओरडला असतास. बाबांना तसं बघून तुला तो फोन नकोसाही वाटला असता. मी तुझी बाबांशी भेट हिरावून घेतली, एवढंच मला इतके दिवस वाटत होतं. तुझा रागही मी हिरावून घेतला.

मालेनाच्या पायाला आता आठवड्यातून दोनदा सरकारी बाई येते. मालेना तिला 'थंड हातांची' म्हणते.

आई


तोर्सहावन
५ मे

ब्रांदुर,

तुझ्याशी फोनवर बोलले त्याला तास झाला. फोनवर थोडक्यात सांगितलं, ते बरोबरच होतं, पण राहिलेलं लिहिते.

मालेना रविवारी स्वयंपाकघरात पडली. सोमवारी पोस्टवालीनं खिडकीतून बघितलं. रात्रभर ती जमिनीवर होती. मी गावात असते तर त्याच संध्याकाळी दिसलं असतं. हे मी कुणाला दोष म्हणून लिहीत नाही, पण झालं ते असं आहे आणि ते तुला कळलं पाहिजे. खुब्याचं हाड मोडलं, छातीत पाणी झालं, आणि काल तिला आमच्या विभागात आणलं. ती मला बघून म्हणाली, "बघ, शेवटी यावंच लागलं तुझ्या मागे."

डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस. तिला रक्ताचं कुणी नाही. बिर्ता सिस्टरनी मला विचारलं, "कुणाला कळवायचं?" जवळजवळ तेच शब्द.

मी मालेनाकडे गेले. तिनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "नाही. पोरगं समुद्रावर आहे."

मी म्हटलं, "ते मला माहीत आहे. मी दुसरंच विचारतेय. तुला त्याच्याशी बोलायचंय का?"

ती म्हणाली, "हे मला कोण विचारतंय? जो मरतो त्याला कोण विचारतं?"

"मी विचारतेय."

"बोलायचंय," ती म्हणाली. मग घाबरली. "पण त्याला काही झालं तर?"

"तर ते माझ्यावर," मी म्हटलं. "तुझ्यावर नाही." हे शिकवलेलं नव्हतं. बिर्ता सिस्टरना आवडलं नसतं.

जहाजाचा नंबर कंपनीकडून मिळायला चाळीस मिनिटं लागली. तुझा आवाज आला, "बोला." तुझा आवाज जाड झाला आहे. मी नाव सांगितलं. काय झालं ते सांगितलं. दोन-तीन दिवस म्हणून सांगितलं. आणि थांबले. तुझ्या बाजूला इंजिनाचा आवाज येत होता. मी मोजलं नाही, पण खूप वेळ होता तो. मला तिथे काहीतरी बोलून ते भरून काढायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही.

मग तू विचारलंस, "ती बोलते का?"

"बोलते."

"फोन दे तिला."

मी रिसीव्हर तिच्या कानाशी धरून उभी राहिले. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही, कानाकडे न बघता भिंतीकडे बघत होते. ती दोनदा हसली. एकदा म्हणाली, "नाही रे, ती बरी आहे, हात उबदार आहेत हिचे." मग रडली. मग म्हणाली, "धरून राहा. कळलं का? दोन्ही हातांनी धरून राहा तिथे." ते कुणाला म्हणाली ते मला कळलं. तुलाही कळलं असेल असं वाटतं, आणि नसेल तर आधीच्या एका पत्रात आहे.

मी फोन माझ्या कानाला लावला तेव्हा लाइन कट झाली होती. त्याचं मला काही नाही.

आई


तोर्सहावन
७ मे, सकाळी सात वाजून दहा मिनिटं

ब्रांदुर,

मालेना आज सकाळी सव्वासहाला गेली. त्रास झाला नाही. मी आणि बिर्ता सिस्टर दोघी होतो. साडेसहाला जहाजावर फोन केला. तुम्ही लोक सामान उतरवत होता, म्हणून कप्तानाशी बोलले. त्यांनी विचारलं, काम संपल्यावर सांगू का? मी म्हटलं, नाही, आत्ता सांगा, आणि त्याला दोन मिनिटं बसू द्या. ते बरं म्हणाले. त्यांनी सांगितलंच असेल, तरी मी लिहीत आहे.

दफन मंगळवारी दुपारी दोन वाजता हेल्लुवीकच्या चर्चमध्ये. पेटी उचलायला सहाजण लागतात. काकांनी पाच नावं लिहिली आहेत आणि सहावी जागा रिकामी ठेवली आहे. मी त्यांना सांगितलं की तिथे तुझं नाव लिहू नका आणि दुसऱ्या कुणाचंही लिहू नका. तू येणार नसशील तर चर्चच्या दारात उभा असेल त्यातला कुणीही पुढे होईल, आपल्याकडे ते अडत नाही.

माझी पाळी साडेसातला सुरू होते. आज डावीकडच्या तिसऱ्या खोलीत एक नवा माणूस येणार आहे आणि त्याच्या घरच्यांना मला कळवायचं आहे.

आई